कमी बजेटची भरपाई कोण करतो?

संघटनेच्या मुखपत्रात सिनेमावर लेख कशासाठी, असा प्रश्न काही सभासदांच्या मनात येईल. रिक्त जागा, पेन्शन, कंत्राटीकरण हे विषय डोक्यावर असताना सेक्रेटरींना सिनेमा कुठून सुचला, असेही कोणी म्हणेल. कारण साधे आहे. लहान सिनेमांची चित्रीकरण पथके आता आपल्या स्टेशनांवर, यार्डांत, क्वचित डाकघरांतही दिसू लागली आहेत. कॅमेरा स्वस्त झाला, मोबाइलवरसुद्धा चित्रपट होऊ लागला. आपल्याच रेल्वे वसाहतीतील मुले-मुली अशा पथकांत काम करतात. कोणी लाइट धरतो, कोणी सामान वाहतो, कोणी गर्दीच्या दृश्यात उभा राहतो. आम्हाला त्यांचे कौतुकच आहे.

परंतु या पथकांकडून एक वाक्य वारंवार कानी येते: "साहेब, आमचे बजेट कमी आहे." मजुरी मागितली की बजेट कमी. दुपारचे जेवण चार वाजता आले तरी बजेट कमी. रुळावर चढू नका म्हटले तरी बजेट कमी. या वाक्याचा हिशेब एकदा कामगाराच्या बाजूने मांडावा, म्हणून हा लेख लिहीत आहोत.

आमचे म्हणणे आधीच सांगून टाकतो. सिनेमाला जेवढे काम लागते तेवढे लागतेच. पैसा कमी असला म्हणून काम कमी होत नाही. मग जी तूट पडते ती कोणीतरी भरून काढतो. कोणी दागिने मोडून, कोणी झोप मोडून, कोणी फुकट राबून आणि कोणी जीव देऊन. म्हणून कमी बजेटच्या सिनेमाबद्दल पहिला प्रश्न विचारायचा तो हा की, ही भरपाई कोण करतो आहे आणि त्याला विचारले होते का?

हा प्रश्न घेऊन आम्ही तीन चित्रपटांकडे पाहणार आहोत. पहिला आपल्या महाराष्ट्रातला, दुसरा बंगालमधला आणि तिसरा अमेरिकेतला, जो पुरा होऊच शकला नाही. तिन्हींचा संबंध रेल्वेशी आला, हे आपल्या वाचकांना विशेष वाटेल.

वांगणी स्टेशनावर उतरलेले 'दरोडेखोर'

धुंडिराज गोविंद फाळके, म्हणजे दादासाहेब फाळके, यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजी गिरगावच्या कॉरोनेशन सिनेमागृहात लोकांसाठी लागला. भारतीय चित्रपटसृष्टीचा आरंभ तिथून मानतात. आज सरकारी पुरस्कार दादासाहेबांच्या नावाने दिला जातो, आणि १९७१ साली डाक खात्याने त्यांचे तिकीटही काढले. पण त्या वेळी त्यांच्यामागे ना कंपनी होती ना सावकार. विमा पॉलिसी गहाण ठेवून त्यांनी कर्ज उभे केले, १९१२ च्या फेब्रुवारीत ते विलायतेला गेले आणि तिथून कॅमेरा घेऊन आले. दादरच्या बंगल्यात काम सुरू झाले. पुढे पत्नी सरस्वतीबाईंचे दागिनेही गेले.

तारामतीच्या कामाला बाई मिळेना. सिनेमात काम करणे तेव्हा इतके हलके समजत की वेश्यावस्तीतूनही नकार आला. अखेर ग्रँट रोडच्या एका हॉटेलात स्वयंपाक करणारा अण्णा साळुंके हा तरुण दादासाहेबांना सापडला. हॉटेलात त्याला महिना दहा रुपये मिळत. दादासाहेबांनी पंधरा देऊ केले आणि हिंदुस्थानच्या पहिल्या चित्रपटाची नायिका ठरली. पाच रुपयांची पगारवाढ देऊन माणूस घेतला, फुकट घेतला नाही, हे आम्हाला महत्त्वाचे वाटते. घरी-दारी विचारले तर आपण हरिश्चंद्राच्या फॅक्टरीत कामाला आहोत असे सांगा, असा सल्ला दादासाहेब आपल्या माणसांना देत. सिनेमाचे काम म्हणजे फॅक्टरीचे काम, ही गोष्ट आपल्या पहिल्या निर्मात्याने अशी आपल्या तोंडाने सांगून ठेवली आहे.

बाहेरच्या दृश्यांसाठी मंडळी वांगणीला गेली. मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावरचे हे स्टेशन मुंबईच्या सभासदांच्या रोजच्या पाहण्यातले. तलवारी, भाले आणि चमत्कारिक पोशाख घेतलेली माणसे गावात शिरलेली पाहून दरोडेखोर आले असा गावकऱ्यांचा समज झाला आणि प्रकरण पोलिसांपर्यंत गेले, अशी हकीकत सांगतात. कॅमेरा म्हणजे काय हेच कोणाला ठाऊक नव्हते, तेव्हा समजूत घालणार तरी कशी? शेवटी काम करूनच दाखवावे लागले.

आता भरपाईचा हिशेब पाहू. या सगळ्या मंडळींचा, म्हणजे साठ-सत्तर माणसांचा स्वयंपाक सरस्वतीबाई करीत. त्यांचे कपडे धूत. फिल्मला भोके पाडणे, रसायने कालवणे, रात्री फिल्म धुणे ही कामेही त्यांच्याकडे होती. उन्हाचा प्रकाश नटांच्या तोंडावर पाडण्यासाठी पांढऱ्या चादरी धरून त्या तासन् तास उभ्या राहत. ज्याला आज रिफ्लेक्टर म्हणतात आणि जो धरणाऱ्याला रोज मिळतो, तोच हा प्रकार. आचारी, धोबी, लॅबोरेटरीचा कामगार आणि लाइटमन, एवढ्या चार जागा एका बाईने भरल्या. आपल्या भाषेत बोलायचे तर चार पदे रिक्त ठेवून एकाच कर्मचाऱ्याकडून काम करून घेतले गेले. त्यांनी ते आनंदाने केले असेल, संसार त्यांचाच होता. परंतु 'एका माणसाने सिनेमा उभा केला' असे भाषणांतून ऐकतो तेव्हा ही बेरीज चुकीची आहे असे आम्हाला वाटते.

त्याच चित्रीकरणातील आणखी एक प्रसंग चरित्रांतून सांगितला जातो. रोहिदासाचे काम दादासाहेबांचा मुलगा भालचंद्र करीत होता. खेळताना तो दगडावर पडला, डोक्याला मार बसला आणि मूल बेशुद्ध झाले. पुढचे दृश्य मेलेल्या रोहिदासाचे होते. दादासाहेबांनी उपचार केले आणि त्या अवस्थेतच दृश्य उरकून घेतले. ही गोष्ट ध्येयनिष्ठेचा नमुना म्हणून सांगतात. दादासाहेबांबद्दल पूर्ण आदर ठेवून आम्ही म्हणतो की, तिचा नमुना म्हणून प्रचार होऊ नये. बापाने स्वतःचे घर पणाला लावले, तो त्याचा अधिकार. बेशुद्ध मुलाला मात्र कोणी विचारलेले नव्हते. आजही "फाळक्यांनी काय काय सोसले, तुम्ही एक रात्र जागू शकत नाही?" असे पोराटोरांना सुनावले जाते, म्हणून हे स्पष्ट लिहावे लागते.

कोळसा टाकणारा माणूस

दुसरा चित्रपट सत्यजित राय यांचा 'पथेर पांचाली'. राय कलकत्त्यात एका जाहिरात कंपनीत नोकरीला होते. नोकरी सांभाळून सुटीच्या दिवशी चित्रीकरण, असा त्यांचा बेत होता. ऑक्टोबर १९५२ मध्ये सुरुवात झाली ती नेमकी रेल्वेच्या दृश्यापासून. अपू आणि दुर्गा ही भावंडे काशाच्या पांढऱ्या तुऱ्यांच्या रानातून धावत जाऊन आगगाडी पाहतात, ते हे दृश्य. ठिकाण होते बर्दवान जिल्ह्यातले पालसिट. एक दिवस काम झाले. पुढच्या रविवारी मंडळी परत गेली तर शेत साफ! मधल्या दिवसांत गुरांनी सगळे तुरे खाऊन टाकले होते. मग पुन्हा तुरे येईपर्यंत एक वर्ष थांबावे लागले. गुरांना कोणती नोटीस देणार?

कॅमेरा सांभाळणाऱ्या सुब्रत मित्र यांनी तोपर्यंत चित्रपटाचा कॅमेरा कधी चालवलेला नव्हता. ते तेव्हा जेमतेम विशी ओलांडलेले होते. पैसे संपत गेले. विम्यावर कर्ज झाले, पुस्तके आणि ग्रामोफोनच्या तबकड्या विकल्या, आणि इथेही अखेर पत्नीचे, बिजयाबाईंचे, दागिने गहाण पडले. दादर असो की कलकत्ता, कमी बजेटची पहिली उचल बाईच्या गळ्यातून होते, हे लक्षात घ्या. काम महिनेच्या महिने बंद पडे. दरम्यान मिठाईवाल्याचे काम करणारा नट वारला. त्याच्या अंगलटीचा दुसरा माणूस शोधून त्याला पाठमोरा दाखवावा लागला. त्याच दृश्यातला कुत्राही मेला, तेव्हा तसाच दिसणारा दुसरा आणावा लागला. राय पुढे म्हणत असत की तीन चमत्कार झाले म्हणून चित्रपट पुरा झाला: अपूचा आवाज फुटला नाही, दुर्गा मोठी झाली नाही आणि म्हाताऱ्या आत्याचे काम करणाऱ्या चुनीबालादेवी, ज्यांचे वय ऐंशीच्या घरात होते, चित्रीकरण संपेपर्यंत जगल्या.

शेवटी मुख्यमंत्री डॉ. बिधानचंद्र रॉय यांच्या पश्चिम बंगाल सरकारने पैसा दिला. चित्रपटाच्या नावात 'पथ' असल्यामुळे ही रक्कम रस्ता सुधारणेच्या खात्यात दाखवली गेली असे सांगतात. सरकारी नोकरीत आयुष्य काढलेल्या आपल्या वाचकांना यात नवल वाटणार नाही. काम व्हायचे असेल तर हेड सापडते, आणि व्हायचे नसेल तर हेडअभावी फाइल परत येते! एकूण दीड लाखाच्या आसपास खर्चात चित्रपट पुरा झाला. ३ मे १९५५ रोजी तो न्यूयॉर्कमध्ये प्रथम दाखवला गेला आणि १९५६ साली कान महोत्सवात त्याचा गौरव झाला. तारीख योगायोगाने 'राजा हरिश्चंद्र'चीच.

आम्हाला त्यातले आगगाडीचे दृश्य वेगळ्या कारणासाठी आठवते. पांढऱ्या तुऱ्यांमागून काळा धूर हवा, असा रायांचा आग्रह होता. धूर नेमका कॅमेऱ्यासमोर निघायचा तर कोळसा नेमक्या वेळी पडला पाहिजे. म्हणून पथकातला एक माणूस आधीच्या स्टेशनावर इंजिनात चढून ड्रायव्हर-फायरमनबरोबर येई. एका गाडीत भागले नाही, एकामागून एक अशा अनेक गाड्यांवर हे काम झाले. वाफेच्या इंजिनावर काम केलेले आपले निवृत्त बांधव सांगतील की हव्या त्या क्षणी काळा धूर काढणे हे शेगडीत कोळसा टाकण्याइतके सोपे नसते. जगभर वाखाणल्या गेलेल्या त्या धुरात फावडे आपल्या माणसाचे आहे. त्याचे नाव आम्हाला पडद्यावर सापडत नाही.

आणखी एक गोष्ट. हे पथक फाटके होते, तरी ज्या गाडीवर चित्रीकरण करायचे तिच्या इंजिनात त्यांचा माणूस होता. म्हणजे कॅमेरा पुढे आहे, मुले रुळाजवळ आहेत, हे ड्रायव्हरला ठाऊक होते. पैसा नसताना एवढी व्यवस्था १९५० च्या दशकात करता आली. हा मुद्दा लक्षात ठेवून तिसऱ्या चित्रपटाकडे वळू.

डॉक्टरटाऊनचा पूल

अमेरिकेतील जॉर्जिया राज्यात वेन परगण्यात ऑल्टामाहा नदीवर रेल्वेचा एक जुना पूल आहे. जागेचे नाव डॉक्टरटाऊन. २० फेब्रुवारी २०१४ रोजी 'मिडनाइट रायडर' नावाच्या चित्रपटाचे पथक तिथे पोहोचले. एका गायकाच्या जीवनावरचा हा स्वतंत्र चित्रपट हॉलिवूडच्या मानाने लहान बजेटचा होता. स्वप्नाच्या दृश्यासाठी लोखंडी पलंग थेट रुळांवर ठेवण्यात आला.

त्या मार्गाच्या मालक कंपनीने, सीएसएक्सने, रुळावर चित्रीकरणास लेखी नकार दिला होता. शेजारच्या जमिनीच्या मालकाची मात्र परवानगी होती. पथकातील साध्या कामगारांना यातला फरक ठाऊक नव्हता. आपण इथे आलो आहोत म्हणजे परवानगी असणारच, असे ते धरून चालले. आपणही कामावर जातो तेव्हा असेच धरून चालतो ना? दोन गाड्या गेल्या, आता येणार नाही असा समज होता. आणि आलीच तर बाजूला व्हायला साठ सेकंद मिळतील, असे सांगण्यात आले होते.

तिसरी गाडी आली. मालगाडीचा वेग ताशी ९० किलोमीटरच्या आसपास होता. पुलावरून निसटायला एकच अरुंद वाट आणि मध्ये लोखंडी पलंग. लोक आधी पलंग हटवायला धावले. गाडीने पलंगाला धडक दिली, त्याचे तुकडे उडाले, आणि सारा जोन्स ही २७ वर्षांची कॅमेरा सहायक त्यात सापडून जागीच मरण पावली. इतर अनेक जण जखमी झाले. चित्रीकरणाचा तो पहिलाच दिवस होता. चित्रपट पुढे कधीच झाला नाही.

दिग्दर्शक रँडल मिलर याने मार्च २०१५ मध्ये सदोष मनुष्यवधाचा आणि बेकायदा प्रवेशाचा गुन्हा कबूल केला आणि तो तुरुंगात गेला. सेटवरच्या मृत्यूबद्दल दिग्दर्शकाला तुरुंगवास होणे ही तिथेही अपूर्व गोष्ट ठरली. अमेरिकेच्या कामगार सुरक्षा खात्याने निर्मात्या कंपनीला ७४,९०० डॉलर दंड केला. २०१७ साली दिवाणी खटल्यात ज्युरीने रेल्वे कंपनीवरही काही जबाबदारी ठेवली. कारण आधी गेलेल्या दोन गाड्यांच्या चालकांना रुळाजवळ माणसे दिसली असताना ती खबर पुढे पोहोचली नव्हती, असा दावा होता.

रेल्वे कामगाराने हे शेवटचे वाक्य दोनदा वाचावे. कंपनीने कागदावर 'नाही' म्हटले होते, पण तो नकार पुलावर पोहोचला नाही. कार्यालयातला नकार आणि जागेवरचा नकार यांच्या मध्ये एक तरुण मुलगी गेली. रायांच्या पथकाकडे पैसा नव्हता, पण ड्रायव्हरला माहिती होती. इथे त्यापेक्षा कितीतरी अधिक पैसा होता, पण गाडीच्या चालकाला काहीच ठाऊक नव्हते. तेव्हा ही दुर्घटना गरिबीमुळे झाली असे कोणी म्हणू नये. परवानगी घेऊन, ब्लॉक घेऊन, काम करायला वेळ आणि पैसा लागतो. तो वाचवला गेला आणि त्याची भरपाई कॅमेरा सहायकाने केली.

आपल्या लाइनवर

हे सात समुद्रापलीकडचे झाले असे म्हणून आपल्याला मोकळे होता येणार नाही. आमच्या विभागातील एका लहान स्टेशनावर काही वर्षांपूर्वी असेच एक पथक आले होते. परवानगी फलाटापुरती होती. दुपारी दिग्दर्शकाला वाटले की नायिका लूप लाइनवरून चालत गेली तर दृश्य चांगले दिसेल. "एक मिनिटाचे काम आहे, इथे तर गाडी उभी राहत नाही," असे त्यांचे म्हणणे. ड्युटीवरच्या पॉइंट्समनने विचारले, "ब्लॉक कुठे आहे?" ब्लॉक नव्हता. त्याने माणसे रुळावर उतरू दिली नाहीत. त्याच दुपारी एक्सप्रेसला वाट देण्यासाठी मालगाडी त्या लूपवर घ्यावी लागली.

यानंतर त्या पॉइंट्समनला शाबासकी मिळायला हवी होती. मिळाला तो खुलासा मागणारा कागद! पथकाने वर तक्रार केली होती की कर्मचाऱ्याने उद्धट वर्तन केले आणि सहकार्य केले नाही. आम्ही स्टेशनचे नियम पुढे ठेवले, परवानगीचा कागद पुढे ठेवला, आणि प्रकरण मिटले. परंतु तो बांधव आम्हाला म्हणाला, "साहेब, पुढच्या वेळी नाही म्हणताना मला घरच्यांचा विचार करावा लागेल." बंधू-भगिनींनो, हे वाक्य आम्हाला डॉक्टरटाऊनइतकेच घातक वाटते. नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याच्या पाठीशी प्रशासन उभे राहत नसेल तर एक दिवस तो गप्प बसेल, आणि त्या दिवशी मालगाडी लूपवर येईल.

आपल्याकडे आणखी धोके आहेत. वर ओव्हरहेड तारेत २५ हजार व्होल्ट असतात. ॲल्युमिनियमची शिडी, लाइटचा उंच स्टँड, माइकची लांब काठी, आता हे ड्रोन, यांपैकी काहीही तारेच्या जवळ गेले तरी पुरे, स्पर्शाची गरज नाही. विजेचे इंजिन वाफेच्या इंजिनासारखे धापा टाकत येत नाही. हेडफोन लावून आवाज टिपणाऱ्या मुलाला तर ते ऐकूच येणार नाही. आणि ब्रेक लावल्यावर गाडी जागच्या जागी थांबत नाही हे आपल्याला माहीत आहे, पाहुण्यांना माहीत नाही. ते सांगणे आपले काम आहे.

डाक बांधवांकडे रूळ नाहीत, पण जबाबदारी तेवढीच आहे. चित्रीकरणासाठी डाकघर दिले तरी खरी टपाल पिशवी, खरे रजिस्टर, कोणाचे खरे पत्र सामान म्हणून वापरायला देऊ नये. पाकिटावर नाव-पत्ता असतो, आणि पडद्यावर तो हजारोंना दिसतो.

मजुरीचा प्रश्न

आता राहिला पोटाचा प्रश्न. सिनेमातील कामगारांसाठी संसदेने १९८१ साली स्वतंत्र कायदा केला. कामगाराशी लेखी करार हवा, हे त्यातले मुख्य तत्त्व. २०२० च्या कामगार संहितांमध्ये तो कायदा विलीन झाला. संहितांबद्दल आपल्या चळवळीचे आक्षेप सर्वांना माहीत आहेत, ते इथे उगाळत नाही. मुद्दा एवढाच की लेखी करार ही कल्पना चार दशकांपूर्वीच कायद्यात आली, तरी लहान सिनेमांत आजही तोंडी बोलण्यावर माणूस राबतो. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबईतील सिने कामगारांना थकलेली मजुरी आणि कामाचे तास यांसाठी काम बंद करावे लागले होते. तिथे निदान संघटना होती. लहान गावात दोन दिवसांसाठी गोळा केलेल्या पोरांना कोण विचारतो?

त्यांना सांगितले जाते की नाव होईल, अनुभव मिळेल. अनुभव मिळतो हे खरे आहे. पण दिग्दर्शकाचा अनुभव त्याच्या नावावर जमा होतो, आणि लाइट उचलणाऱ्याचे नाव पडद्यावर इतक्या वेगाने जाते की त्याच्या आईलाही वाचता येत नाही. असलेच तर!

काही जण म्हणतील, सेक्रेटरीसाहेब, असे नियम लावाल तर गरिबाचा सिनेमा बंद पडेल आणि फक्त मोठ्या कंपन्यांचे राज्य राहील. आक्षेप गंभीर आहे. आम्हालाही गरिबाचा सिनेमा हवा आहे. आपल्या चाळींचे, आपल्या गँगहटचे जिणे कोणी दाखवले तर ते असलेच लोक दाखवतील. पण उपाय फुकट राबणे हा नव्हे. १९७६ साली श्याम बेनेगल यांचा 'मंथन' हा चित्रपट निघाला. गुजरातमधील पाच लाख दूध उत्पादक शेतकऱ्यांनी प्रत्येकी दोन रुपये दिले आणि दहा लाख रुपये जमले. निर्माते म्हणून पडद्यावर त्या शेतकऱ्यांचा उल्लेख आहे. थेंबे थेंबे तळे साचे, हे वर्गणीवर चालणाऱ्या संघटनेला कोणी शिकवायला नको. इथेही भरपाई गरिबांनीच केली, पण ती सर्वांनी मिळून, थोडी थोडी, समजून-उमजून केली आणि त्यांचे नावही लागले. फुकट राबण्यात आणि वर्गणी देण्यात हा फरक आहे.

आमच्या सूचना

सर्व शाखांनी पुढील मुद्द्यांवर चर्चा करून ठराव करावेत.

एक, चित्रीकरण पथक येणार असेल तर परवानगीची प्रत स्टेशन मास्तरांबरोबरच त्या पाळीतील पॉइंट्समन, गेटमन आणि ट्रॅकमन यांनाही दाखवली जावी. परवानगी कशाची आहे यापेक्षा कशाची नाही हे त्यात ठळक लिहिलेले असावे.

दोन, रुळावर किंवा तारेखाली काम असेल तर ब्लॉकशिवाय एकही माणूस उतरणार नाही. ब्लॉक असला तरी लुकआउटसाठी आपला प्रशिक्षित माणूस हवा, आणि त्याची ड्युटी म्हणून नोंद हवी. साहेबांच्या शब्दाखातर सुटीच्या दिवशी कोणी उभा राहणार नाही.

तीन, सुरक्षेच्या कारणासाठी नकार देणाऱ्या कर्मचाऱ्याकडून खुलासा मागण्याआधी संघटनेच्या प्रतिनिधीसमोर जागेची पाहणी व्हावी.

चार, विनापरवाना रुळावर कोणी दिसले तर पहिल्या गाडीच्या चालकाने आणि गार्डने ताबडतोब कंट्रोलला कळवावे. आपली गाडी सुखरूप गेली म्हणजे झाले, असे म्हणू नये.

पाच, वसाहतीतील मुले अशा कामाला जात असतील तर किती दिवस, किती तास, किती रोज, अपघात झाला तर उपचाराचा खर्च कोणाचा, एवढ्या चार ओळी कागदावर घेऊनच त्यांनी जावे. कागद लिहायला शाखेने मदत करावी.

सहा, जे पथक एवढे पाळील त्याला शाखेने हातभार लावावा. इन्स्टिट्यूटचा हॉल, जुन्या कामगारांच्या आठवणी, जेवणाची सोय हे आपण देऊ शकतो. त्याच्या मोबदल्यात एकच मागावे: पडद्यावर नावे देताना राबलेल्या प्रत्येकाचे नाव वाचता येईल अशा वेगाने दाखवा.

सारा जोन्सच्या मृत्यूनंतर अमेरिकेतील सिने कामगारांनी चित्रीकरणाच्या पाट्यांवर तिचे नाव लिहून छायाचित्रे पाठवली आणि सुरक्षेची मोहीम उभी केली. दृश्य सुरू होताना जी पाटी कॅमेऱ्यापुढे धरतात तीच ही पाटी, आणि ती धरणे हे कॅमेरा सहायकाचे काम असते. आपल्या स्टेशनात पुढचे पथक उतरेल तेव्हा त्यात अशी एखादी पाटी धरणारी मुलगी असेल. तिला रेल्वेचे नियम माहीत नसतील. ते आपल्याला माहीत आहेत. तेव्हा तिला चहा जरूर पाजा, काम पाहायला उभेही राहा, पण पिवळ्या रेषेपुढे तिने पाऊल टाकण्याआधी तिच्या दिग्दर्शकाला विचारा की ब्लॉक कुठे आहे. त्याबद्दल तुमच्याकडून कोणी खुलासा मागितला, तर तो कागद सरळ संघटनेकडे घेऊन या.